एका टप्प्याचं तिकीट

बिबवेवाडी, पुणे
सोमवार, दुपार

प्रिय समाधान,

जय भीम. हे पाकीट सुखदेवने तुझ्या हातात ठेवलं असेल, तू त्याच्या मशीनला कार्ड लावलंस तेव्हाच. दचकू नकोस. सुखदेव माझ्या हाताखाली शिकलेला कंडक्टर आहे आणि गेले दोन महिने तो तुला रोज त्याच थांब्यावर चढताना पाहतोय. मी त्याला एवढंच सांगितलं की सातच्या फेरीला कात्रजच्या अलीकडे काळी सॅक लावलेला उंच मुलगा चढेल, त्याला हे दे आणि तिकिटापुरतंच बोल. "मास्तर, काय काळजी करू नका, हाय मी," म्हणाला. तो तिकिटापुरतंच बोलला असेल याची मला खात्री नाही, पण मनाने चांगला आहे. तुझ्या हातातलं कार्ड चोरीचं आहे असं कोणी म्हणत नाही, हे सगळ्यात आधी सांगतो. उद्या अकरा वाजता मी आणि तुझी आई त्याच कार्डासाठी बँकेत जाणार आहोत. ते बंद करायचं की चालू ठेवायचं हे उद्या ठरायचं आहे, आणि त्याआधी काही गोष्टी तुला माझ्याकडून कळायला हव्यात. आठ महिने आपण एकमेकांशी बोललेलो नाही. पत्र लिहितोय, कारण फोनवर माझं तोंड आधी चालतं आणि डोकं मागून येतं. हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

आधी घरची खबर. तुझ्या आईचा गुडघा आता बरा आहे. डॉक्टरांनी दिलेले व्यायाम ती स्वतः करत नाही, पण गल्लीतल्या सगळ्या बायकांना करायला लावते. समोरच्या सोसायटीने 'येथे गाडी लावू नये, लावल्यास पश्चात्ताप होईल' अशी पाटी लावली आहे आणि तिच्याखाली रोज अध्यक्षांचीच गाडी असते. विहाराच्या वाचनालयाची किल्ली हल्ली माझ्याकडे आहे. सकाळी आठला उघडतो, पेपर मांडतो आणि परीक्षेची मुलं यायला लागली की चपलांचा आवाज न करता बाहेर ओट्यावर येऊन बसतो. तू सुरुवातीला बसायचास ती खिडकीजवळची खुर्ची अजून तिथेच आहे. आता तिथे एक मुलगी बसते, भूगोलाची जाडजूड पुस्तकं घेऊन. ती पहिल्यांदा बसली तेव्हा मी तिला उठवायला निघालो होतो. दारापर्यंत गेलो आणि परत आलो.

कार्ड आपल्या घरात कसं आलं ते तुला अर्धंच माहीत आहे, कारण त्या रविवारी तू शनिवार पेठेतल्या अभ्यासिकेत होतास. तुझी मावसबहीण अक्षता बँकेची नवी योजना घेऊन विहारात आली होती. एकच कार्ड: बसला तेच, मेट्रोला तेच, किराण्याला तेच, औषधाच्या दुकानातही तेच. वंदना झाल्यावर साठीच्या पुढची सगळी मंडळी सतरंजीवर बसून राहिली आणि ही पोरगी बाईंसारखी समोर उभी राहिली. पिन कुणाला सांगायचा नाही, कागदावर लिहायचा नाही, जन्मतारीख ठेवायची नाही, दुसऱ्या कुणाला सुचणारच नाही असा आकडा निवडा. सगळ्यांनी माना डोलावल्या. एकमेकांकडे पाठ करून, पदराचा नाहीतर टोपीचा आडोसा करून आकडे टाकले. तेवढ्यात यमुनाबाईंना शंका आली. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांची शंका सगळ्यांना ऐकू जाते. "अगं अक्षता, मी चौदा शून्य चार टाकलाय. चालेल ना?" हॉलमध्ये एकेकाचा चेहरा उतरायला लागला. निम्म्या लोकांनी तोच टाकला होता, चौदा एप्रिल, बाबासाहेबांची जयंती. उरलेल्यांनी दीक्षेचा दिवस म्हणून चौदा ऑक्टोबर. दोघातिघांनी, जरा जास्त हुशारीने, एकोणीसशे छप्पन्न. अक्षताने कपाळावर हात मारला. "अहो, हे आकडे वस्तीतल्या प्रत्येक फ्लेक्सवर असतात!" तिने सगळ्यांना पिन बदलायला लावला. दहा मिनिटांत मंडळी निश्चिंत होऊन घरी गेली. पैजेवर सांगतो, त्यातल्या बहुतेकांनी सहा डिसेंबर टाकला असणार.

मी पोट धरून हसलो, पण कार्ड घेतलं नाही. तुझ्या आईने घेतलं, तिच्या नावाने. माझं म्हणणं सरळ होतं. तेहतीस वर्षं मी स्वारगेटच्या गर्दीत माणसांचे खिसे कापले जाताना पाहिले. म्हणून मी पैसे कधी एका जागी ठेवले नाहीत. भाड्याचे शर्टाच्या खिशात, बाकीचे तुझ्या आईने बनियनला शिवलेल्या चोरखिशात, अडीअडचणीचे डायरीच्या पुठ्ठ्यामागे. खिसा गेला तर एक खिसा जातो, घर जात नाही. आणि ही म्हणते, सगळं एका प्लास्टिकच्या तुकड्यात घालून फिरा. अक्षताने शांतपणे उत्तर दिलं, "काका, नोट हरवली की ती तुम्हाला फोन करत नाही. कार्ड कुणी वापरलं की लगेच मेसेज येतो आणि एका फोनवर ते बंद होतं." मला नेमकं तेच नको होतं. मी कुठल्या बसमध्ये चढलो, कुठे चहा प्यायलो, हे सांगत सुटणारी वस्तू खिशात कशाला बाळगायची? हां, एक गोष्ट मला मान्य करावी लागली. माझी निम्मी नोकरी "सुट्टे द्या, सुट्टे द्या" करण्यात गेली. सुट्ट्यांवरून मी सभ्य माणसांशी भांडलो आहे, एकदा तर तुझ्या हेडमास्तरांशी. हे कार्ड तेव्हा असतं तर माझा घसा शाबूत राहिला असता आणि तुला शाळेत मान खाली घालावी लागली नसती.

आता तो विषय, जो टाळायला मी एवढी शाई घालवली. गेल्या वर्षी निकाल लागला, मुलाखतीच्या यादीत तुझं नाव नव्हतं, आणि त्याच आठवड्यात माझे डेपोतले जुने सोबती घरी चहाला आले. कोणीतरी विचारलं, "पोरगा काय करतो?" सहा वर्षं तू काय करत होतास ते मला सांगता आलं असतं. तू पहाटे उठून शनिवार पेठ गाठायचास, दोन वेळचा डबा एकाच वेळी खायचास, सुट्टीतही अभ्यासिका सोडायचा नाहीस, हे मी पाहिलेलं होतं. पण मला हशा हवा होता. मी म्हणालो, "आमच्या घरातला विनातिकीट प्रवासी आहे तो." सगळे खो खो हसले. आमच्या धंद्यातला शब्द, आमच्याच लोकांत. तू तेव्हा चहाचा ट्रे घेऊन दारात उभा होतास. तू ट्रे आपटला नाहीस. एकेकाला वाकून चहा दिलास, मलाही दिलास. चहात साखरसुद्धा बरोबर होती. समाधान, तेहतीस वर्षांत मी शेकडो विनातिकीट पकडले, पण एकालाही भर गाडीत बोललो नाही. मागच्या दाराशी नेऊन हळू आवाजात विचारायचो, कारण कुणाच्या खिशात त्या दिवशी काय नसतं ते आपल्याला ठाऊक नसतं. परक्या माणसाला दिलेला एवढा मान मी माझ्या मुलाला दिला नाही, तोही त्याच्याच घरात. माझं चुकलं. हे वाक्य मी वाचनालयाच्या ओट्यावर बसून कितीतरी वेळा म्हटलंय, तुझ्यापर्यंत आज पोचतंय.

चौथ्या दिवशी तू गेलास. 'काम मिळालंय, खोली घेतलीय, स्थिरस्थावर झालो की येईन', एवढी चिठ्ठी टेबलावर होती. फोनचा नंबरही बदललास. आई तुला थांब्यापर्यंत सोडायला आली होती. घरी परतली आणि मला म्हणाली, "अहो, माझं कार्ड बसमध्ये हरवलं वाटतं." या बाईने चाळीस वर्षांच्या संसारात साधी सुई हरवलेली नाही. आणि थांब्यापर्यंत चालत जाऊन चालत आलेल्या माणसाचं कार्ड बसमध्ये कसं हरवतं, हा प्रश्न कोणत्याही कंडक्टरला पडेल. संध्याकाळी मेसेज आला की कार्ड कुणीतरी बसमध्ये वापरलं. मी अक्षताला फोन केला. ती म्हणाली, "काका, लगेच ब्लॉक करा, मी नंबर देते, दोन मिनिटांचं काम." तुझी आई समोर मेथी निवडत बसली होती. तिचे हात थांबले. मग ती खाली मान घालून म्हणाली, "राहू द्या हो. कुणीतरी गरजू असेल." कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवाल्याला रडवणारी ही बाई! मी फोन खाली ठेवला. अक्षताला सांगितलं, उद्या बघू. तो उद्या आठ महिने झाले तरी आलेला नाही.

मेसेजमध्ये फार काही नसतं. मार्गाचा नंबर, वेळ आणि भाडं. पण भाडं पाहिलं की कंडक्टरला टप्पा कळतो, म्हणजे माणूस किती थांबे गेला ते. मार्ग आणि वेळ कळली की उरलेलंही जुळवता येतं. पहिल्या आठवड्यातच मला कळलं की हा माणूस दिवसभर कार्डाला हात लावत नाही. चहा नाही, जेवण नाही, काही नाही. फक्त संध्याकाळी सात-सव्वासातला कात्रजच्या बाजूला चढतो आणि सगळ्यात कमी भाड्याचं तिकीट काढतो. एक टप्पा. मी म्हटलं, कामावरून दमून येत असेल. मग पहिला रविवार आला. रविवारीही तोच मार्ग, तीच वेळ, तोच एक टप्पा. समाधान, सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी एका टप्प्यासाठी बसमध्ये कोण बसतं? कोणी नाही. एवढ्या अंतराला पुण्याचा माणूस चालत जातो आणि वरून बसला नावं ठेवतो. मला तेव्हा लख्ख कळलं की तुला कुठे जायचंच नसतं. तू एक टप्पा पुढे जातोस, उतरतोस आणि चालत परत येतोस. मी ठीक आहे, एवढं सांगायला तू तिकीट काढतोस. त्या रविवारी मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो, तुझ्या आईला माझा चेहरा दिसू नये म्हणून. पुढच्या महिन्यात तर कहर झाला. कार्डात कुणीतरी पैसे भरले. अक्षता घरी आली होती, तिने मेसेज दोनदा वाचला. "काका, माझी नऊ वर्षं नोकरी झाली. चोराने रिचार्ज केलेलं मी पहिल्यांदाच बघतेय." तुझी आई आतून म्हणाली, "चांगल्या घरचा असेल." मग आम्ही तिघंही हसलो. कशाला हसलो ते कोणीच बोललं नाही.

तू काय काम करतोस ते मला तीन आठवड्यांपूर्वी कळलं, तेही चष्म्यामुळे. शनिवार पेठेत रंगनाथरावांचं चष्म्याचं दुकान आहे, तुला आठवत असेल, ज्यांच्याकडे 'भाव करू नये, नजर वापरावी' अशी पाटी होती. आता तिच्याशेजारी दुसरी आहे: 'कार्ड चालते. गप्पा चालत नाहीत.' नव्या काचा बसवून झाल्यावर त्यांनी पैसे घ्यायला छोटं यंत्र पुढे केलं. मी म्हटलं, रंगनाथराव, तुम्हीसुद्धा? तर हा गप्पा न चालणारा माणूस पंधरा मिनिटं बोलत राहिला. यंत्र बसवायला तीन कंपन्यांची पोरं येऊन गेली, सगळी "काका, तुम्हाला नाही जमायचं, मुलाला बोलवा" म्हणाली. चौथा आला तो दोन तास बसला. एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. तीच गोष्ट सात वेळा सांगितली आणि सातव्यांदाही पहिल्यांदा सांगितल्यासारखी. जाताना म्हणाला, "काका, पिन कुणालाही सांगायचा नाही. बापालासुद्धा नाही." रंगनाथराव म्हणाले, "माझा बाप जाऊन तीस वर्षं झाली, पण मुलाचं म्हणणं बरोबर होतं." यंत्राच्या पाठीवर चिकटपट्टी होती: 'अडचण आल्यास संपर्क', खाली नंबर आणि नाव, समाधान दशरथ ओव्हाळ. माझं नाव तू मधून काढलं नव्हतंस. नव्या चष्म्यातून मला पुढचं काही नीट दिसेना. रंगनाथरावांना वाटलं नंबर चुकला, ते काचा परत तपासायला लागले.

तुझा फोन नंबर मी लिहून घेतला नाही, तो तिथल्या तिथे पाठ झाला. घरी येऊन तुझ्या आईला दिला. म्हटलं, लाव फोन. ती म्हणाली, "मी कशाला? आधी तुम्ही." तेव्हापासून तो नंबर आम्हा दोघांच्या मधोमध पडून आहे. पण त्या दिवसापासून माझं एक मत मात्र बदललं. मला वाटायचं, ही कार्डं आणि यंत्रं म्हणजे माणसाला बाजूला सारायचे धंदे. कंडक्टर नको, सुट्टे नकोत, बोलणं नको. पण तू सत्तरीच्या माणसासमोर दोन तास बसलास आणि त्याची भीती घालवलीस. यंत्र सोपं आहे की अवघड हे ते कोण शिकवतं यावर असतं. तू पुन्हा परीक्षा दे किंवा देऊ नकोस, हे तुझं तू ठरव. मी दोन्हींत तुझ्या बाजूचा आहे. लोक मला विचारतात, मुलगा काय करतो? मी हल्ली सांगतो, दुकानदारांना कार्डाची यंत्रं बसवून देतो आणि नीट शिकवतो. परवा यमुनाबाईंनी विचारलं तेव्हा इतक्या मोठ्याने सांगितलं की सगळ्या विहाराला कळलं.

आता जे सांगायला हे पत्र लिहायला घेतलं ते. दोन आठवड्यांपूर्वी मंगळवारी मेसेज आला नाही. बसला उशीर असेल म्हटलं. आठ वाजले, नऊ वाजले. तुझ्या आईने ताटं वाढली आणि तशीच झाकून ठेवली. बुधवारीही नाही. कार्ड खराब झालं असेल, पाकीट हरवलं असेल, असं मी तिला समजावत होतो आणि ती मला, आणि दोघांचाही एकमेकांवर विश्वास नव्हता. फोन नंबर पाठ असून बोट पुढे जाईना. उचलून तू म्हणाला असतास की कोण बोलतंय, तर मी काय सांगणार होतो? गुरुवारी दुपारी मी कात्रजला गेलो. तुझ्या थांब्यासमोर रस्त्यापलीकडे रसवंती आहे, तिथे उसाच्या रसाचे चार ग्लास पिऊन बसलो. रसवाल्याला माझीच काळजी वाटायला लागली. सातला तू आलास. कानाला मफलर, चेहरा उतरलेला. दोन दिवस ताप असणार. बस आली तेव्हा तू एका म्हातारीला आधी चढवलंस, तिची पिशवी वर दिलीस आणि मग चढलास. मी रस्ता ओलांडायला निघालो होतो, पण मधे गाड्या होत्या. मधे गाड्या नसत्या तरी ओलांडला असता का, खरं सांगायचं तर माहीत नाही. बसच्या काचा धुळीने माखलेल्या, त्यामुळे तू यंत्राला कार्ड लावलेलं मला दिसलं नाही. पण माझ्या शर्टाच्या खिशातला फोन थरथरला. हो, माझ्या. मेसेज तुझ्या आईला येत नाहीत, समाधान. पहिल्या दिवसापासून ते मला येतात. कार्ड तिच्या नावाचं, पण तिचा फोन कधी चार्ज केलेला नसतो म्हणून फॉर्मवर अक्षताने माझा नंबर टाकला होता. आठ महिने तू रोज संध्याकाळी जिला कळवत होतास असं तुला वाटत होतं, ती मेथी निवडत बसलेली असायची. तुझा निरोप मी वाचायचो आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणायचो, "आज बस वेळेवर आहे." ती म्हणायची, "बरं झालं." मग आम्ही जेवायचो.

गेल्या आठवड्यात बँकेचं पत्र आलं की ज्याचं कार्ड त्याचाच नंबर हवा, येऊन सही करून जा. अक्षताने तुझ्या आईला नवा फोन घेऊन दिलाय, तो ती चार्जही करते. मी तिला विचारलं, पोराला ठाऊक आहे का मेसेज कुणाला येतो ते? ती शांतपणे म्हणाली, "त्याला मी सांगितलंय, मला येतो म्हणून. तुम्हाला येतो म्हटलं असतं तर लावलं असतं का त्याने कार्ड?" बघ, तिने आपल्या दोघांनाही एकाच कार्डावर आठ महिने चालवलं. अक्षता म्हणते कार्ड हरवलंय असं सांगितलं असेल तर बंद करून नवं घ्या. मी उद्या काउंटरवर सगळ्यांसमोर सांगणार आहे की हरवलेलं नाही, आमच्या मुलाकडे आहे आणि त्याच्याकडेच राहणार आहे. नंबर मात्र तुझ्या आईचा लागेल. एक अर्ज दिला तर माझाही सोबत ठेवता येतो, असं अक्षता म्हणाली. मी नको म्हटलं. आठ महिने मी दुसऱ्याच्या नावाचं पत्र उघडून वाचलं आणि त्यावर जगलो, आता पुरे. म्हणजे आज तू कार्ड लावलंस त्याचा मेसेज हा मला येणारा शेवटचा. उद्या सातला तू चढशील आणि मला कळणार नाही. मला त्याची सवय झाली आहे रे, त्याशिवाय जेवण जात नाही. म्हणून हे पत्र. घरी ये असं मी म्हणत नाही, तुला वाटेल तेव्हा येशील, तुझ्या चिठ्ठीवर माझा विश्वास आहे. पण माझा नंबर तोच आहे. उद्या उतरलास की मला फक्त एक मिस्ड कॉल दे. मी उचलणार नाही, शब्द देतो. नाव बघेन आणि जेवायला बसेन. ज्या दिवशी बोलावंसं वाटेल, त्या दिवशी जास्त वेळ वाजू दे.

तुझाच,
पप्पा